लाल पट्टीचं दुसरं टोक

पटो न पटो, हे खरं घडलंय. मागच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, अकोटच्या वर सातपुड्याच्या धारेवर.

संध्या माझी मावसबहीण. ती थापा मारते, पण असल्या नाही.

संध्या आणि ज्योत्स्ना अमरावतीला एकाच सरांकडे भूगर्भशास्त्रात पीएचडी करत होत्या. धारेवर काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाची पट्टी आहे. एका जागी ती तुटते. तिचं दुसरं टोक सापडलं, की डोंगर किती खचला ते कळतं.

ते टोक ज्योत्स्नाला दिसलं. मोजायच्या आधीच ती तापाने गेली.

तरी सरांच्या तोंडी तिचंच नाव!

संध्या जळायची. मेलेल्या मैत्रिणीवर. लाज वाटायची, तरी जळायची. पट्टी आपल्या नावावर करायचीच, म्हणून ती वाटाड्या नत्थुजींना घेऊन वर गेली.

मोजायची एक रीत असते. एकीने होकायंत्र बघून आकडा ओरडायचा, दुसरीने तो परत म्हणून लिहायचा. पाच वर्षं ओरडायची ज्योत्स्ना. लिहायची संध्या.

आज संध्या ओरडली, "दिशा चाळीस!"

सागाची पानं वाजायची थांबली.

वानरंही गप्प...

खालच्या कड्यावरून आवाज आला.

"सत्तर."



"हातोडी दूर ठेव, संध्या..."

तिच्या हातात लोखंडी हातोडी होती. लोखंडाने सुई फिरते, हे पहिल्या वर्षाचं पोरही जाणतं. तिने हातोडी लांब ठेवली. पुन्हा पाहिलं.

सत्तर.

नत्थुजी सावलीतून ओरडले, "बाई, कोनाशी बोलून राहिल्या तुमी?"

कड्यावर कोणीच नव्हतं. संध्या मुकाट्याने आकडे लिहीत गेली. ऐकू येतील तसे... संध्याकाळपर्यंत.

शोधनिबंध छापून आला. नाव एकट्या संध्याचं. सर खूश.

मग जूनमध्ये गौरांग नावाचा नवा विद्यार्थी त्याच धारेवर जाऊन आला. पांढराफटक.

"मॅडम, वर कोनीतरी बाई आकडे सांगते. माह्या चुका काढते."

मला हे सांगताना संध्या घाबरलेली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं.

"पाच वर्षं तिच्यासंगं मी होती," ती म्हणाली. "त्याले काहून सांगते ते?"

परवा ती पुन्हा धारेवर गेली आहे. एकटीच. फोन लागत नाही.