दोन सेकंदांची मोकळी जागा

कोल्हापुरात, शाहूपुरीत माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. भजनं, लग्नाचे व्हिडिओ, निवडणुकीच्या रिक्षावरच्या घोषणा, मिळेल ते करतो. तीस वर्षं कानावर पोट चाललंय, त्यामुळं माझे कान मला फसवतात असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या श्रावणात एका दुपारी अनुजा नावाची मुलगी आली. रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह तिनं टेबलावर ठेवला.

"दादा, ह्यात माझ्या भावाचा शेवटचा आवाज हाय."

भाऊ विश्वजित. पुण्यात सिनेमासाठी आवाज रेकॉर्ड करायचा. आदल्या वर्षी पुराच्या दिवसांत तो घरी आला होता. नृसिंहवाडीच्या अलीकडं, नदीला लागून यांचं घर. आई तानाबाई, साखरेच्या आजारानं डोळे गेलेली. तिच्या खाटेभोवती पाच माइक लावून त्यानं घराचा दिवसभराचा आवाज घ्यायला सुरुवात केली आणि पाणी कुठवर आलंय बघायला नदीवर गेला. तो परत आला नाही. देहसुद्धा सापडला नाही.

मी स्टुडिओतल्या पाची स्पीकरवर ते लावलं, एकेका माइकचा आवाज एकेका स्पीकरवर. पुढून चुलीचा आवाज, डावीकडं कोंबड्या. मग मागून, उजवीकडच्या दारातून, "येतो गं आई." आणि मधोमध म्हातारीचा संतापलेला आवाज, "जा! कुणाचं ऐकतोयस तू?" चपला फरफटत लांब गेल्या. शेवटी लोखंडाची कडी वाजली.

"फाटकाची," अनुजा म्हणाली. "आतनं दोरीनं उघडती, पण लावायची भायरनंच. जाणारा लावून जातो."

आपल्याकडं जाणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि घरातलं माणूस 'ये' म्हणतं. तानाबाई 'जा' म्हणाली होती आणि वर्षभर तो एक शब्द तिचं काळीज कुरतडत होता. आता तर तिनं अन्न टाकलं होतं.

"तिचं 'जा' तेवढं काढा, दादा. तितकी जागा मोकळी ठेवा. तिला तिथं 'ये' म्हणायचंय. एकदाच."

घरी एवढे स्पीकर नाहीत, हेडफोनच. म्हणजे पाच वाटांचा आवाज दोन कानांत बसवायचा. सरळ एकत्र केला तर मागचं सगळं पुढं येऊन पडतं.

"तसं करू नका," ती म्हणाली. "माणूस कुठं हाय ते आईला आवाजावरनंच कळतं. त्यो पुढनं बोलला तर म्हणंल, ह्यो माझा विश्वा न्हवं."

तीन दिवस मी त्याच्यावर बसलो. मागचा आवाज कानाला किंचित उशिरा आणि जरा जाड लागतो. तसा मी त्याचा 'येतो' केसभर मागं सरकवला, त्याची धार घासून काढली. 'जा' आणि त्यामागचं म्हातारीचं बोलणं पुसलं. दोन सेकंदांची जागा मोकळी राहिली. हेडफोन लावून ऐकलं आणि मी चक्क खुर्चीतून मागं वळून बघितलं. स्वतःवर भलताच खूश झालो.

दुपारी तीनला त्यांच्या घरी पोचलो. आभाळ भरून आलेलं, वीज गेलेली. मधल्या घरात एवढा अंधार की खाटेवरची म्हातारी आधी मला दिसलीच नाही. भिंतींना अजून पुराच्या गाळाचा वास होता. मी दाराकडं पाठ करून बसलो आणि माझ्या छोट्या प्लेअरला जोडलेले हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. फक्त तिचा चेहरा दिसत होता. थोड्या वेळानं तिनं मान उजवीकडं, मागं वळवली. बरोब्बर दाराकडं.

"ये..." ती म्हणाली. "ये रं माझ्या बाळा..."

अनुजा रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. तानाबाईनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. वर्षाचं ओझं उतरलं होतं. मग ती दाराकडंच तोंड ठेवून म्हणाली, "चपला भायेर काढ. गाळ हाय पायाला."

"आई... संपलं ते."

"कुठं संपलंय? उभा हाय की... दादांच्या मागं."

गाळाचा वास एकदम वाढला. माझी मान वळेना. पाय मात्र उठले, भिंत धरून, खाली बघत मी दाराबाहेर पडलो. 'येतो' जिभेवर आलं होतं, पण त्या घरात तो शब्द उच्चारायची माझी छाती झाली नाही. जन्मात पहिल्यांदा मी म्हणालो, "जातो."

"दादा, असं म्हणू नये..." अनुजा आतून म्हणाली.

तेवढ्यात माझ्या मागं, उजवीकडं, किंचित उशिरा, जरा जाड, जसा मी तीन दिवस बसून घडवला होता अगदी तसाच आवाज आला.

"येतो गं आई."

हेडफोन म्हातारीच्या मांडीवर होते. वायर प्लेअरमधून सुटून खाली लोंबत होती.

"ये," तानाबाई समाधानानं म्हणाली. "अनुजा, आता मला भाकरी दे."

मी फाटकाची दोरी ओढली आणि बाहेर पडलो. फाटक ओढून घ्यायचंही भान नव्हतं. गाडीकडं चार पावलं गेलो असेन. घरातून अनुजाचा आवाज येत होता, ती आईला घास भरवत होती.

माझ्या मागं फाटक लागलं आणि कुणीतरी बाहेरून कडी घातली.