बंद इंजिनाचा हिटर

कॅम्पमध्ये माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. चूक माझीच आहे. आता उंटांनाही इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, काढावा लागणार, असं मी एकदा मेसमध्ये सांगितलं, तर दोघं जण ऑफिसात चौकशी करून आले.

पण खाली लिहिलंय ते घडलंय. शपथ घेतली असती, पण माझ्या शपथांना आता भाव नाही.

ठिकाण सौदीतलं रास अल खैर. मागच्या वर्षीचा जानेवारी. वेळ सकाळची, सहाच्या आसपास. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी आमची शिफ्ट पाहिलेली नाही.

मी पिंटू, पाइप फिटर. हारूनचाचा वेल्डर, दाभोळचे. मी पाइप समोरासमोर जुळवायचो, ते जोडायचे. सहा वर्षं तीच जोडी, तोच ट्रक. मार्चमध्ये चाचा कायमचे घरी जाणार होते.

ट्रकचा हिटर त्यांच्याआधीच रिटायर झाला होता. फुल केला तरी नुसती कोमट फुंकर यायची.

"पिंट्या, हा हिटर आहे की आत कोणी म्हातारी चहा फुंकतेय?" चाचा रोज विचारायचे.

"उद्या करतो, चाचा."

हे 'उद्या' अठरा दिवस चाललं.

त्या सकाळी धुकं इतकं, की ट्रकमधून आमचा पाइप दिसेना. वॉकीटॉकीवर फोरमन गफूरचा आवाज आला, "कोहरा हटने तक काम बंद."

चाचा खांदा चोळत होते. "वाकडा झोपलो असेन," म्हणाले.

वेळ मिळालाच आहे तर आजच हिटर करू, असं मी ठरवलं. हिटरच्या नळ्या काढायच्या तर इंजिन बंद करावं लागतं, नाहीतर उकळतं पाणी अंगावर येतं.

मी इंजिन बंद केलं.

म्हणजे होती ती फुंकरही बंद केली.

"अर्धा तास द्या, चाचा. मग तुम्हाला बनियनवर बसवतो."

"बसव बाबा. मला काय, दोन महिन्यांत दाभोळला घामच गाळायचाय."

मी उतरलो आणि बॉनेट उघडलं. समोरची काच झाकली गेली. आता चाचा मला दिसत नव्हते.

क्लिपा गंजलेल्या. हात बधिर. अर्धा-पाऊण तास गेला असेल.

आणि मग...

टक. टक. टक.

आवाज पाइपकडून येत होता. वेल्ड मारल्यावर त्याच्यावरची खपली छोट्या हातोडीने झाडतात, तो आवाज. सहा वर्षं ऐकलेला.

म्हातारा उतरून कालचा जोड साफ करतोय वाटतं. मला हायसंच वाटलं. हात चालले की अंग तापतं. मी मग घाई केली नाही.

उलट ओरडून किस्से सांगायला लागलो.

"चाचा, ऐका! गफूरची बायको व्हिडिओ कॉलवर म्हणाली, जरा हसा ना..."

टकटक थांबली. कोणीतरी ऐकत होतं...

"तर गफूरने आधी तिच्याकडे हसायचं परमिट मागितलं!"

टक, टक.

दोनदाच. चाचांची ती सवय. तोंडावर मास्क असायचा, हसू कोणाला दिसायचं नाही. म्हणून विनोद आवडला की पाइपवर दोनदा हातोडी वाजवायचे.

मी चार किस्से सांगितले. चारही वेळा दोन टक.

पाचव्याला...

काहीच नाही.

"एवढा वाईट होता का?" मी विचारलं.

धुक्यात मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात नळी हातात आली. उभी चिरलेली. नवी आणल्याशिवाय काही होणार नव्हतं. खलास. ती तशीच हातात घेऊन मी पाइपकडे गेलो.

तिथे कोणी नव्हतं.

ओल्या वाळूवर पावलं फक्त माझी. जोडावर दव साचलेलं, बोटही न लागलेलं. आणि हातोडी टूलबॉक्समध्ये होती. टूलबॉक्सला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

मी पळत येऊन ट्रकचं दार उघडलं.

चाचा बसल्या जागीच होते. दोन्ही हात काखेत. डोळे मिटलेले. मी गालाला हात लावला...

आत्ताच हात लावलेलं दाराचं लोखंड त्यापेक्षा गरम होतं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. साधारण सहा-सव्वासहाला गेले असावेत.

मी पहिला किस्सा सांगायला घेतला तेव्हा पावणेसात होऊन गेले होते.

घरी फोन मीच लावला.

"चाची, चाचा गेले."

"कुठे गेले? जुबैलला?" बदरुन्निसाचाची हसली. "पिंट्या, मस्करी पुरे हां. गेल्या वेळी चाचांना उंट चावला म्हणालास, मी दोन दिवस जेवले नव्हते."

"मस्करी नाही, चाची."

"अरे, साडेनऊनंतर बोलले की माझ्याशी! तुमच्याकडे सात वाजले असतील. म्हणाले, पिंट्याने एकदाचा हिटर केला. आत इतकं ऊन ऊन आहे, जॅकेट काढून बसलोय..."

शेजारी उभ्या गफूरने माझ्या हातातून फोन घेतला. गफूर आयुष्यात कधी विनोद करत नाही.

तो फक्त "भाभी" म्हणाला.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी. गॅस कोणी बंदच केला नाही.

चाचांचा मोबाइल मी नंतर पाहिला. घरी लावलेला कॉल. सात वाजून दहा मिनिटं. चार मिनिटं बोलणं. त्या वेळी मी बॉनेटपाशी होतो, तीन फुटांवर. आतून एक शब्द ऐकू आला नव्हता.

आणि सापडले तेव्हा चाचांच्या अंगात जॅकेट होतं. चेन गळ्यापर्यंत लावलेली.

चाचीने संमतीच्या कागदावर सही करून पाठवली. चाचांना इकडेच दफन केलं. तिने त्यांचा चेहरा पाहिला नाही.

जूनमध्ये सुट्टीवर गेलो तेव्हा दाभोळला जाऊन आलो. चाची समोर बसली. मुलगी नूरैन दारात उभी. सरबत आलं, कोणी प्यायलं नाही.

"पिंटू," चाची म्हणाली. मला ती कधी पिंटू म्हणत नाही. "मस्करी न करता सांग. डॉक्टरांची वेळ आणि फोनची वेळ जुळत नाही, हे मला कळतं. मी अडाणी नाही. मला एवढंच सांग, जाताना त्यांना थंडी वाजत नव्हती ना? हिटर चालू होता ना?"

नळी तेव्हा माझ्या हातात होती, चाची. इंजिन मी बंद केलं होतं. हे सगळं जिभेवर आलं होतं.

"चालू होता," मी म्हणालो. "फुल."

तिने डोळे पुसले. "मग बरं," म्हणाली, आणि आत निघून गेली.

नूरैन तिथेच उभी राहिली. माझ्याकडे बघत.

मी आयुष्यभर खोटं बोललोय, त्यामुळे खोटं बोलताना कसं वाटतं ते मला नीट माहितीये.

त्या दिवशी तसं वाटलं नाही... आणि खरं बोलल्यासारखंही वाटलं नाही.