डिंकासारखं सोल्डर

तिसरा अ‍ॅम्प्लिफायरही जळून परत आला, तेव्हा फौजदाराने घड्याळाकडे पाहिलं.

फौजदार म्हणजे काकांची पुतणी. दहावीतली. प्रश्न विचारून सगळ्यांचं डोकं खाते, म्हणून घरातलं हे नाव. काका गिटारचे, काचेच्या व्हॉल्व्हवाले महागडे अ‍ॅम्प दुरुस्त करत आणि त्यांची लाकडी खोकी सुतारमामा बनवत. तीस वर्षांची दोस्ती. "मामा सोल्डरचं कथील डिंकासारखं थापतो," म्हणून काका त्यांना चिडवायचे.

दोन महिन्यांपूर्वी पहिला अ‍ॅम्प जळाला. त्याच आठवड्यात काकांनी मामांना दुरुस्त होऊन तयार असलेल्या एका अ‍ॅम्पची पाठ उघडताना पकडलं आणि घातपाती ठरवून हाकललं. मामा चकार शब्द बोलले नाहीत. आज चारच्या गाडीने ते कायमचे लेकीकडे निघाले होते.

साडेतीन वाजले होते.

"काका, दुसरा आणि हा तिसरा अ‍ॅम्प मामांना हाकलल्यावर दुरुस्त झाले ना?"

"मग?"

"मग ते कोणी बिघडवले?"

काकांनी चष्मा पुसला. "आधी तुझा तो तपकिरी स्कार्फ आवर. सोल्डर गन लागेल."

स्कार्फ लालभडक होता. काका तिची कायमच टर उडवायचे, तिने हेही त्यातच जमा केलं.

प्लग काढून, आत साठलेला करंट उतरवून तिने जळका अ‍ॅम्प उघडला. व्हॉल्व्ह आतून करपलेले. त्यांना आवर घालणारा रेझिस्टर नवा होता, त्याचं सोल्डर मोहरीएवढं, चकचकीत. मग जो उघडताना मामा पकडले गेले, तो अ‍ॅम्प तिने ओढला. मालक अजून न्यायला आलाच नव्हता. त्यातही तोच रेझिस्टर नवा, पण सोल्डरचा हा जाड गोळा. अ‍ॅम्प मात्र झकास वाजला.

तिने दोन्ही रेझिस्टरवरचे, त्यांचं माप सांगणारे रंगीत पट्टे पाहिले. मग स्वतःच्या स्कार्फकडे पाहिलं. आणि खुर्चीत बसली.

"बोला फौजदार, कोण चोर?"

"मामा नाहीत. मामा दुरुस्त करत होते. इथे पहिला पट्टा लाल हवा. जळक्यात तपकिरी आहे. आवर निम्मा झाला. दहा मिनिटं छान वाजतो, कार्यक्रमात तासाभराने व्हॉल्व्ह जळतात. दुसऱ्या जळक्यातही असंच असणार. मामांनी ज्याची पाठ उघडली, त्यात मात्र बरोबर रेझिस्टर आहे, डिंकासारखा थापलेला. तुमची चूक ते गुपचूप बदलत होते. पहिला दुरुस्त झाला तेव्हा ते तापाने घरी होते, म्हणून तो तेवढा सुटला."

"माझी चूक?"

"मीटर लावून बघा ना."

"मीटर नवशिके लावतात. मी डोळ्यांनी..."

तिने स्कार्फ काढून त्यांच्या हातात दिला. "काका, याचा रंग कोणता?"

काकांनी तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, उलटसुलट केला. बराच वेळ.

"तपकिरी," ते म्हणाले. आणि तिचा चेहरा बघून खाली बसले.

तिने सोल्डर गन बंद केली. मग मामांना फोन लावून काकांच्या कानाला धरला. "मामा, मला लाल रंग तपकिरी दिसतो रे," काका म्हणाले.

पलीकडून फलाटावरचा गोंगाट ऐकू आला. मग मामा हळूच म्हणाले, "कळलं होय रे तुला? मला वाटलं, मी लांब जाईपर्यंत तरी कळणार नाही."