गेलं म्हणू नये

नंबरकाकांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की त्याच्या मिचमिचण्यावरून ते नंबर सांगायचे. वर मशीन लावून खात्री करायचे, कारण काका अंदाजाला अंदाज म्हणणारा आणि मापाला माप म्हणणारा माणूस. भुताखेतांची गोष्ट कुणी काढली, की ते आधी विचारायचे, "बघणाऱ्याचा नंबर किती होता?"

अकरा वर्षं ते रक्ताच्या कॅन्सरची गोळी घेत होते. जेवणाबरोबर रोज एक. "तुमचा कॅन्सर पाळीव आहे, काका," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. पाळीव खरा, पण पाळणाऱ्याचे हाल कुत्रं खात नव्हतं. गोळीमुळे सकाळी पापण्या अशा फुगलेल्या, की गिऱ्हाईक विचारायचं, "काय काका, काकूंनी घेतलं वाटतं फैलावर?" उजव्या पोटरीत गोळे यायचे, जेवण झालं की मळमळायचं.

मग रिपोर्टामागून रिपोर्ट चांगले आले आणि बाई म्हणाल्या, "थांबवून बघू गोळी. रक्त आम्ही तपासत राहू. आमच्या सिस्टर दर महिन्याला फोन करतील, कसं वाटतंय ते त्यांना सांगा."

पहिल्या फोनला काका खुर्चीत आरामात रेलून बसले होते.

"सूज?"

"गेली! बायको विचारते, हे पाहुणे कोण?"

स्वयंपाकघरातून काकूंचं हसू ऐकू आलं.

दोन दिवसांनी काकू दुकानात आल्या. चष्मा नाकावर रुतत होता. काकांनी त्यांना दिव्याखाली बसवलं, चष्मा उतरवला आणि हातातला पेचकस तसाच राहिला. दोन्ही पापण्या टम्म.

"रडलीस का गं?"

"मी कशाला रडू? तुमची सूज गेली म्हणून?"

काकांनी लगेच तपासण्या करवल्या. मूत्रपिंड उत्तम, थायरॉइड उत्तम. वयाचं आहे, असं ठरलं. वय हे फार सोयीचं दुखणं आहे, कुणाच्याही नावावर लावता येतं.

दुसऱ्या फोनवर काकांनी सांगितलं, की गोळे गेले. त्याच दुपारी कपड्यांना इस्त्री करता करता काकूंनी किंकाळी फोडली. काका धावले.

"कुठला पाय?"

"उजवा! अहो, दाबा ना!"

"आतल्या बाजूने वर चढतोय? घोट्यापासून?"

"तुम्हाला कसं कळलं?"

काका पोटरी दाबत राहिले. तो गोळा कुठून निघतो आणि कुठे थांबतो, हे त्यांना घरच्या जिन्यासारखं पाठ होतं.

मळमळीबद्दल त्यांनी सिस्टरना मुद्दाम सांगितलं नाही. पण मित्राने चौकात विचारलं, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "गेली रे, आता दगड पचतो." संध्याकाळी जेवण झाल्याबरोबर काकू बेसिनवर ओणव्या झाल्या.

इकडे काकांची तब्येत अशी, की जिने दोनदोन पायऱ्यांनी चढत होते. चालताना शीळ सुटायची आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. पुढच्या वेळी त्यांनी सिस्टरना ठोकून दिलं, "सगळं परत आलंय हो. सूज, गोळे, मळमळ." बाईंनी तातडीने बोलावलं. पोटऱ्या दाबून पाहिल्या.

"पंचविशीतले पाय आहेत, काका. खोटं का बोलताय?"

काकांनी खरं ते सांगितलं. बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं सोबत केलेल्या माणसाला असं होतं कधीकधी. मन असतं."

"मग मला गोळी परत द्या."

"बरं असलेल्या माणसाला?"

घरी जुन्या गोळ्यांचं एक पाकीट उरलं होतं. काकांनी काकूंच्या नकळत रोज एक गिळायला सुरुवात केली. पाकीट संपलं. साधी ढेकरसुद्धा आली नाही.

मग त्यांनी एकच केलं. तोंड बंद ठेवलं. सिस्टरना म्हणाले, "मी काही सांगणार नाही, तुम्ही रक्तच बघा." घरात 'गेलं' हा शब्दच बंद केला. दिवे गेले तर "दिवे नाहीयेत" म्हणायचं, पाहुणे गेले तर "पाहुणे घरी पोचत असतील." काकू चेष्टा करायच्या, "मी मेले तर काय म्हणाल?" काका पानात बघत राहायचे. पण काकूंचं दुखणं तिथेच थांबलं, वाढलं नाही. मापात बसलं, असं काकांना वाटलं.

पुढच्या रिपोर्टाला बाईंनी दोघांना बोलावलं. कागद फिरवून दाखवला.

"आता मागमूससुद्धा सापडत नाही."

"म्हणजे गेला?" काकूंनी विचारलं. सुजलेले डोळे चमकत होते.

"आम्ही 'गेला' म्हणत नाही, काकू. 'सापडत नाही' म्हणतो."

काकू नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही म्हणा. अकरा वर्षं हे एक ऐकायला थांबलेय मी."

काकांनी ओठ मिटले. तिचा हात धरला.

"म्हणा ना."

काकांनी मान हलवली. हो अशीही नाही, नाही अशीही नाही.

"राहू दे," काकू हसून म्हणाल्या. "तुम्हाला आनंदाची सवयच राहिली नाही. मीच म्हणते. गेला."

काकांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला.

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. बाई पुढच्या पेशंटचं नाव बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी काकूंची सूज उतरलेली होती. चष्मा नाकावर हलका बसला. पायात गोळा नाही, मळमळ नाही. नव्या नवरीकडे बघावं तसे काका बायकोकडे टकमक बघत राहिले. दुपारी दोघं जेवायला बसले, काकूंनी कुठलंसं जुनं गाणं गुणगुणत वाढलं.

दोन घास झाले आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"अगं बाई, एवढ्यातच पोट भरलं."

"आणखी थोडं खा."

"नको हो. इथे काहीतरी जड जड वाटतंय." त्यांनी डाव्या बरगडीखाली तळवा ठेवला.

अकरा वर्षांपूर्वी, आजाराला नाव मिळायच्या आधी, काकांचा तळवा नेमका तिथेच असायचा.

"माझं तेवढं संपवा," काकू म्हणाल्या. "टाकवत नाही मला."

काका तिच्या हाताकडे बघत राहिले. आणि भूक अशी सपाटून लागली होती, की त्यांचा स्वतःचा हात तिच्या ताटाकडे आपोआप वळला.