फिजोआच्या झाडाखालची कॅरॅव्हॅन

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात सपाट जमीन मिळायला नशीब लागतं. एक घर वर, एक खाली आणि दोघांत मिळून एकच उतरता ड्राइव्हवे, अशी तिथली तऱ्हा. सुखदा खालच्या घरात भाड्याने राहायची. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी ती अंगणात फिजोआ वेचत होती. पेरूच्या नात्यातली ती हिरवी, घमघमणारी फळं. त्या दिवसांत झाडाखाली नुसता सडा पडतो. तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं,

"बाजूला व्हा! अहो... बाजूला व्हा!"

आणि तेही मराठीत! सुखदाने मान वर केली, तर एक पांढरी कॅरॅव्हॅन, गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, उतारावरून निवांत खाली येत होती. तिला ओढायला पुढे गाडी नाही की आत माणूस नाही. मागून एक तरुण, एका हातात फोन, दुसऱ्या हातात नारळ, पायांतल्या रबरी चपला, म्हणजे इथल्या जॅन्डल्स, फटफटवत धावत होता. सुखदा चटकन बाजूला झाली. कॅरॅव्हॅन गवतात शिरली, फिजोआच्या झाडाला टेकली आणि थांबली. टपावर टपाटप फळं पडली.

"तुम्हाला लागलं नाही ना?"

"मला नाही लागलं. पण हे... हे काय होतं?"

"पूजा," तो धापा टाकत म्हणाला.

त्याचं नाव नितीश. पोरिरुआच्या एका क्लिनिकमध्ये नर्स होता आणि आठवड्यापूर्वीच वरच्या घरात, रविंद्रकाकांकडे खोली घेऊन राहायला आला होता. दोन्ही घरं काकांचीच. नवी गाडी दारात आली की चाकाखाली लिंबं चिरडायची, हे मिरजेहून व्हिडिओ कॉलवर आईने बजावलं होतं. ज्या गाडीला इंजिनच नाही, ती लिंबं चिरडणार कशी, याचा विचार मात्र मायलेकांपैकी कुणीच केला नव्हता. नितीशने चाकांचे ठोकळे काढले, ब्रेक सोडला आणि थोडंसंच ढकललं.

"चिरडली का रे लिंबं?" फोनमधून आवाज आला.

"चिरडली, आई. अगदी नीट चिरडली."

सुखदाला खरं तर रागावायचं होतं. पण हसू आधी आलं.

"हसा, हसा. माझं घर आहे ते," नितीश म्हणाला. "ऑक्टोबरात मी क्राइस्टचर्चला जाणार. तिथल्या हॉर्नबी भागात वर्षभराची नोकरी ठरलीय. तिकडे हिच्यातच राहायचं, असा बेत आहे."

त्या संध्याकाळी पाऊस आला, वेलिंग्टनचा तो आडवा, वाऱ्याचा पाऊस, आणि कॅरॅव्हॅनची चाकं रुतली ती रुतलीच. काकांनी शेजाऱ्याची गाडी लावून ओढून पाहिलं. अंगणाचा चिखल झाला, कॅरॅव्हॅन तसूभरही हलली नाही. काका म्हणाले, "राहू दे आता. जमीन वाळली की काढू."

आता वेलिंग्टनच्या जून ते ऑगस्टच्या पावसाळी हिवाळ्यात जमीन वाळते होय! कॅरॅव्हॅन सुखदाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ठाण मांडून बसली.

"मला इथून डोंगर दिसायचा," तिने एकदा त्याला ऐकवलं. "आता तुमचा तपकिरी पडदा दिसतो."

"मग पडदा बदलतो. कुठला रंग आवडतो तुम्हाला?"

"डोंगराचा."

दुसऱ्या दिवशी ती फार्मसीतल्या कामावरून परतली, तर कॅरॅव्हॅनच्या खिडकीत हिरवागार पडदा. सुखदाने भांडी घासता घासता त्याच्याकडे इतक्यांदा पाहिलं, की एकच कप तिने दोनदा धुतला.

जूनमधल्या एका पावसाळी संध्याकाळी त्याने तिच्या दारावर टकटक केली. "भडंग केलंय. आमच्या मिरजेकडचं, लसूण घालून. चहाला येता का? अंतर फार नाही... सात पावलं."

"मोजलीत वाटतं?"

"रोज मोजतो," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

आतमध्ये जेमतेम दोन बाकं आणि एक इवलंसं टेबल होतं. ती बसली, आणि डोक्यावरच्या पातळ पत्र्यावर पाऊस ताडताड वाजायला लागला. सुखदाचा घास हातातच राहिला. हा आवाज... हा तर कोयनानगरच्या क्वार्टर्सचा आवाज! बाबा धरणावर ओव्हरसिअर होते. पत्र्याचं छप्पर, रेडिओही ऐकू येऊ नये असा पाऊस, ओल्या लाकडाचा धूर, आणि सगळ्यांनी एकाच चादरीत पाय घालून बसायचं. किती वर्षांत आठवलं नव्हतं तिला ते! इथल्या घरांत पाऊस फक्त काचेवर दिसतो, ऐकू येत नाही.

"काय झालं? तिखट लागलं का?"

"नाही," ती म्हणाली. डोळे मात्र भरले होते. मग ती बोलत राहिली. त्या कॉलनीत दर उन्हाळ्यात बदल्या व्हायच्या. ट्रकमध्ये कुणाचं तरी सामान चढायचं, कुणीतरी जिवाभावाची मैत्रीण निघून जायची. ही रडायला लागली की आई म्हणायची, जाणाऱ्याला अडवू नये. "तेव्हापासून मी कुणालाच थांब म्हटलं नाही. सवयच गेली."

नितीशने तिचा गार झालेला चहा घेतला, पुन्हा गरम करून तिच्यापुढे ठेवला, आणि हळूच म्हणाला, "सुखदा... तू पी आधी."

'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघांनीही ऐकलं. कुणीही दुरुस्त केलं नाही.

तो हिवाळा असा गेला. ती दमून आली की हिरव्या पडद्यामागे दिवा दिसायचा. पाऊस लागला की दोघं त्या पत्र्याखाली बसायची, कधी गप्पा, कधी नुसताच पाऊस. लोक ऊन पडावं म्हणून तळमळत होते, आणि सुखदा हवामानाचा अंदाज पाहून खूश व्हायची.

पण ऋतू कुणासाठी थांबत नाहीत. सप्टेंबरात कोव्हायची झाडं पिवळीधमक फुलली, ऊन कडक झालं. ऑक्टोबर लागला तसे काका काठी घेऊन खाली आले.

"अजून ओली आहे हो जमीन," सुखदा घाईने म्हणाली.

काकांनी काठी आपटली. खणखणीत आवाज आला. "ही ओली? पोरी, मी इथे पस्तीस वर्षं भाजी लावतोय."

सुखदा कानापर्यंत लाल झाली. काका मिशीत हसले.

निघायचा शनिवार उजाडला. समुद्रापलीकडे नेणारी फेरीबोट दुपारची होती. नितीशने कॅरॅव्हॅन गाडीला जोडली. "मागे बघशील ना? झाडाला लागायला नको." सुखदा झाडापाशी उभी राहिली. "जाऊ दे... जाऊ दे..." ती हाताने खुणा करत म्हणत होती. चाकं सुटली. कॅरॅव्हॅन ड्राइव्हवेवर आली. खिडकीतून डोंगर पुन्हा दिसायला लागला असणार, पण तिला तो अजिबात नको होता.

नितीश काच खाली करून म्हणाला, "मग... निघू?"

त्याच्या आवाजात एक फट होती. तिने उत्तर द्यावं म्हणून उघडी ठेवलेली. सुखदाला ती दिसत होती. पण आईचं ते जुनं वाक्य आड येत होतं. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली. आणि सुखदा धावत जाऊन गाडीच्या पुढ्यात उभी राहिली.

"ही नेऊ नकोस."

"काय?"

"कॅरॅव्हॅन. ती इथेच राहू दे. माझ्या खिडकीसमोर."

"आणि मी राहू कुठे?"

"तिकडे खोली घे ना भाड्याने. नोकरी कर, वर्ष पुरं कर. पण घर इथे ठेवून जा, म्हणजे सुट्टी मिळाली की तुला... इथेच यावं लागेल." तिचा श्वास पुरेना. "मला तू आवडतोस, नितीश. फार आवडतोस. जाऊ नको म्हणण्याचा हक्क नाही मला, पण परत ये म्हणायचा... तो मी आज घेतेय."

नितीश खाली उतरला. तिच्यासमोर उभा राहिला.

"चार महिने," तो म्हणाला, "रोज वाटायचं, ही आज म्हणेल. मी तर सारखं जायचं नाव काढून नुसती वाट बघत होतो."

"मग तू का नाही बोललास?"

"तू नाही म्हणाली असतीस तर? पडदासुद्धा काढून न्यावा लागला असता."

ती रडता रडता हसली. त्याने तिचे डोळे पुसले, आणि मग दोघांनी मिळून कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवली आणि पुन्हा होती तिथे ढकलली. वरून काका ओरडले, "अरे, हे काय? काढायचं ठरलं होतं ना?"

"काका, ती राहणार!" सुखदाने ओरडून सांगितलं. "हवं तर भाडं वाढवा!"

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', असं म्हणून काका आत गेले.

नितीशची गाडी एकटीच चढ चढून रस्त्याला लागली. वळणावर त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. सुखदा तिथेच उभी राहिली, डोळे वाहू दिले. आजवर जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे ती एकटी उरली होती. आज मात्र ती वाट पाहत होती.