उताणं, पालथं

दादाला मशीनवर उताणं झोपवून धाकटा काचेपलीकडच्या खोलीत येऊन बसला. छातीची चित्रं वाचणं हे त्याचं रोजचंच काम. आज मात्र चष्मा दोनदा पुसूनही पडदा धूसर वाटत होता.

दादाच्या उजव्या फुप्फुसात, जुन्या क्षयाने पोखरलेल्या पोकळीत, एक गाठ होती. कॅन्सर असेल तर ती भिंतीला चिकटून राहणार. बुरशीचा गोळा असेल तर माणूस पालथा होताच गोटीसारखा घरंगळत खाली येणार. मग ऑपरेशन, आणि दादा वाचणार.

“वडिलांची बंद खोली दोघांनी झाडली,” माइकमधून दादाचा आवाज आला. “धूळ दोघांनी खाल्ली. खोकला मात्र थोरल्याच्या वाट्याला!”

“दादा, बोलू नकोस. चित्र हलतं.”

“बरं, डॉक्टरसाहेब.”

पहिलं चित्र आलं. उताण्या माणसाचा गोळा पाठीकडे पडायला हवा. हा पोकळीच्या उजव्या भिंतीला, काचेच्या बाजूला टेकला होता. चिकटलेलाच असावा.

मग दादाला पालथं केलं.

“सर, हलला!” टेक्निशियन ओरडलाच. “बुरशीच आहे!”

हलला होता खरा. पण खाली नाही. आता तो पोकळीच्या डाव्या भिंतीला होता; आणि पालथ्या माणसाची डावी बाजू काचेकडे येते.

धाकटा उठला. शिशाचा एप्रन चढवून आत गेला आणि मशीनच्या पलीकडच्या भिंतीशी उभा राहिला.

“आणखी एकदा घे.”

“कशाला, सर?”

“घे.”

चित्र बघायला तो बाहेर आला. गोळा त्या पलीकडच्या भिंतीकडे गेला होता.

रिपोर्टमध्ये त्याने लिहिलं: गोळा हलतो, बुरशीच. कुठल्या दिशेने, ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सर्जनने त्यालाच तपासायला पाठवलं असतं.

ऑपरेशन झालं. दादा घरी आला, दोन वेळा जेवू लागला, वहिनीवर ओरडूही लागला. धाकट्याच्या जिवात जीव आला. जाता जाता सहज म्हणून तो लॅबमध्ये डोकावला. तपासणीपुरता तुकडा कापून उरलेला गोळा तिथल्या बाईंनी औषधी पाण्याच्या बरणीत जपला होता.

“या. तुम्ही जिन्यात असतानाच कळलं आम्हाला,” बाई हसून म्हणाल्या. पण हसू ओठांवरच राहिलं.

“कसं?”

बाईंनी टेबलाकडे बोट केलं.

करडा गोळा तळाशी नव्हता. दाराकडच्या काचेला टेकून होता.

धाकटा टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला.

पाणी हललं नाही. गोळा सरकला, आणि त्याच्या बाजूच्या काचेला येऊन टेकला.

त्याच क्षणी त्याच्या छातीत, उजवीकडे, काहीतरी हलकेच पुढे घरंगळलं आणि आतून बरगडीला टेकलं.