टायमिंग कुणी हलवलं?

त्याची जुनी गाडी नेमकी आमच्या गॅरेजच्या फाटकातच बंद पडली, नाहीतर तो माझ्याकडे कधीच आला नसता. आत येऊन त्याने विचारलं, मेकॅनिक कुठे आहेत? मी एका गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हटलं, बोला. तो माझ्या मागे बघत राहिला... आणखी कुणीतरी येईल म्हणून.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. नजरही तशीच, सगळं भिंगाखाली धरणारी. गाडी आजोबांची. तिचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठरल्या क्षणी ठिणगी पोचवणारा भाग, आतून पार झिजला होता. मूळ कंपनीचा आता मिळत नव्हता. दुसऱ्या कंपनीचा नवा बसवावा लागेल, असं मी सांगितलं. नवा आला तेव्हा त्याने खोक्याचं सील उजेडात धरून तपासलं, आणि जुना भाग मागून घेऊन रुमालात बांधला. मला राग आला. बोटं मात्र छान होती त्याची — तेही दिसलंच.

इंजिन पहिल्या सिलिंडरच्या खुणेवर आणून मी नवा डिस्ट्रिब्युटर बसवला आणि त्याला जागेवर धरणारा नट नुसता टेकवला. मग त्याला म्हटलं, एवढा संशय आहे तर तुम्हीच फिरवा. इंजिन चालू करून मी पुलीवर टायमिंग लाइट, म्हणजे दर ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा, धरला. तो डिस्ट्रिब्युटर केसभर केसभर फिरवत गेला. लुकलुकणारी खूण सरकत सरकत रेघेसमोर आली आणि थांबली. इंजिनाचा आवाज एकदम मऊ झाला. तो पहिल्यांदाच हसला. मी नट आवळला — जरा जास्तच जोरात.

आठ दिवसांत गाडी परत. चढावर खडखडते म्हणे. पाहिलं तर टायमिंग चांगलंच पुढे सरकलेलं. मी नीट करून दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आता मला माझ्याच हातांचा संशय यायला लागला. त्यातच त्याच्या ताईने गाडी चौकातल्या मिस्त्रीला दाखवली, आणि मिस्त्रीने चारचौघांत सांगितलं की त्या पोरीला नट आवळता येत नाही. जीप दुरुस्तीला घेऊन येणार होते ते डॉक्टर आलेच नाहीत. बाबांनी गॅरेजच्या वहीतलं त्यांचं नाव खोडलं. ते खोडणंच जास्त लागलं.

तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन तो आला, तेव्हा मी त्याच्याच खिशातलं भिंग मागून घेतलं आणि नटाकडे नीट पाहिलं. कोपरे घासलेले होते. माझा पाना असा घसरत नाही.

"हा कुणी सैल केला?"

तो चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "मी."

"का?"

"गाडी नीट चालली असती तर... इथे कशाला आलो असतो?"

कानांच्या पाळ्या तापल्या माझ्या. तरी म्हटलं, "तुमच्या या खेळात माझं नाव गेलं. माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. मी मिस्त्रीचं सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. गाडी तिथेच सोडून तो चालत निघून गेला. पळाला, असंच वाटलं मला.

दुपारी डॉक्टर स्वतः जीप घेऊन हजर. त्यांच्याकडूनच कळलं. चष्मेवाल्याने चौकात, ताईच्या देखत, मिस्त्रीला सांगितलं होतं की नट आपणच सैल करत होतो. मिस्त्रीने कारण विचारलं. त्याने तेही सांगून टाकलं. बाबांना एकाएकी खोकला आला. तोंडावर हात धरून ते आत गेले.

संध्याकाळी तो आला. टायमिंग मी बसवून ठेवलं होतं, पण किल्ली दिली नाही.

"अजून राग आहे?"

"आहे. भरवसाही नाही. चालवून बघावी लागेल... मी चालवणार. तुम्ही शेजारी बसा."

गाडी चढ गुपचूप चढली. तो बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत होता.

"आता तर काहीच बिघाड नाही," तो हळूच म्हणाला. "उद्या काय सांगून येऊ?"

मी गिअर बदलला. समोरचा रस्ता बघत म्हटलं,

"काही सांगू नका. नुसते या."